चारशे फुटांपर्यंत हात जागेवर

उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बिघडलं तर तू पहिल्यांदा काय करतोस, हा प्रश्न मला माझ्या गावी, निपाणीत हमखास विचारला जातो. लग्नाच्या पंगतीत, स्टँडासमोरच्या चहाच्या गाड्यावर, एकदा तर मयताला गेलो असताना. ‘काही करत नाही’ हे माझं उत्तर कुणाला पटत नाही. विचारणाऱ्याला वाटतं, गडी मोठा झालाय, आपल्याला सांगायचं टाळतोय. पण उत्तर खरं आहे. विमान जमिनीपासून चारशे फूट वर जाईपर्यंत बिघडलेल्या इंजिनाच्या कुठल्याही लिव्हरला हात लावायचा नसतो. विमान सरळ ठेवायचं, वेग राखायचा, चाकं पोटात घ्यायची आणि चढत राहायचं. धोक्याची घंटा वाजली तर ती बटण दाबून गप्प करायची, पण ती कशासाठी वाजली त्याच्या मागे लगेच लागायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. करायला अवघड, कारण घाबरलेल्या माणसाचा हात डोक्याच्या आधी पोचतो. दर सहा महिन्यांनी आम्हाला सिम्युलेटरमध्ये बसवून इंजिनं बंद पाडली जातात, आगी लावल्या जातात. बाहेरच्या माणसाला वाटतं तिथे आम्ही झटपट हालचाली शिकतो. उलट आहे. हालचाल लांबवायला शिकतो.

मी एटीआर ७२-६०० चालवतो. आपल्याकडे ज्याला ‘पंख्याचं विमान’ म्हणतात ते. बेळगावच्या सांबरा विमानतळावर प्रवासी पायऱ्या चढताना त्या सहा पात्यांच्या पंख्याकडे जरा संशयानं बघतात. जेट म्हणजे भारी आणि पंखा म्हणजे जुनाट, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. आतलं इंजिन टर्बाइनच आहे, कॅनडाच्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं. त्याची ताकद पंखा फिरवायला वापरली जाते, एवढाच फरक. कमी अंतरासाठी त्याला इंधन कमी लागतं, म्हणून तर बेळगावसारख्या शहरांना ते परवडतं.

दोन इंजिनांच्या कुठल्याही मोठ्या प्रवासी विमानाला परवाना मिळण्याआधी एक गोष्ट सिद्ध करावी लागते. ऐन उड्डाणात एक इंजिन गेलं, तरी चाकं वर घेतल्यानंतर उरलेल्या एकाच्या जोरावर विमानानं शंभर मीटर पुढे जाताना किमान २.४ मीटर वर चढलं पाहिजे. आकडा अगदी लहान आहे. पण या २.४ मध्ये सगळं येतं. रोज प्रत्येक उड्डाणाआधी आम्ही त्या दिवसाचं तापमान, वारा, वजन आणि धावपट्टीची लांबी घेऊन हिशेब करतो, तो यासाठीच. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच आहे. हवा तिथे मुंबई-गोव्यापेक्षा विरळ, आणि एप्रिल-मेच्या दुपारी आणखी विरळ. पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. पूर्वी ही धावपट्टी आखूड होती. आता ती २३०० मीटर आहे. २०१७ मध्ये नवं टर्मिनल झालं, तेव्हाच्याच कामातली ही वाढ. लोक टर्मिनलच्या काचा आणि फरशीचं कौतुक करतात. मला विचाराल तर खरं कौतुकाचं काम धावपट्टीचं झालं. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली ब्रिटिशांच्या हवाई दलानं जी पट्टी आखली, तिच्यावर आज सामान्य माणूस सकाळी हैदराबादला जाऊन रात्री परत येतो.

उड्डाणाआधीच्या त्या हिशेबातून तीन वेग निघतात. त्यातला पहिला, व्ही-वन, हा माझा आवडता. धावपट्टीवर विमान पळत असताना कॅप्टनचा हात पॉवर लिव्हरवर असतो, कारण अजून थांबता येतं. मग शेजारचा वैमानिक ‘व्ही-वन’ असं मोठ्यानं म्हणतो आणि त्यासरशी कॅप्टन लिव्हरवरचा हात काढून घेतो. यापुढे उरलेल्या पट्टीत विमान थांबणार नाही. काहीही झालं तरी उडायचं. हात तिथे राहिला तर दचकून मागे ओढला जाईल, म्हणून तो तिथे ठेवायचाच नाही. ज्या कुणी ही रीत पहिल्यांदा बसवली त्याला माणसाचा स्वभाव नीट कळला होता.

एटीआरमध्ये तर यंत्रालाही ही समज दिलेली आहे. उड्डाणाच्या वेळी एका इंजिनाची ताकद एकदम पडली, तर दोनेक सेकंदांत विमान आपणहून त्या पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर करतं, म्हणजे पंखा वाऱ्याला अडवत नाही. दुसऱ्या इंजिनाला ते आपणहूनच जादा ताकद देतं. त्याला आम्ही ऑटोफेदर आणि अपट्रिम म्हणतो. वैमानिकानं बघायचं की या दोन्ही गोष्टी झाल्या, आणि तसं बोलून दाखवायचं. पाय मात्र कामाला लागतात. उजवं इंजिन गेलं की नाक उजवीकडे वळायला बघतं, ते डाव्या पायानं रडर दाबून धरून ठेवायचं.

हे सगळं इंजिन सरळ मेलं तर. माझ्यावर प्रसंग आला तेव्हा इंजिन मेलेलं नव्हतं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. सांबऱ्याहून हैदराबादला निघालो होतो. वारा पूर्वेचा, त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून उड्डाण. आकाश निरभ्र. विमान माझी फर्स्ट ऑफिसर चालवत होती, धारवाडकडची, नोकरीला फार दिवस न झालेली. उड्डाण करणारा एक आणि बघणारा एक, अशी आमची वाटणी असते. त्या फेरीत बघणारा मी होतो. चाकं वर घेतली आणि लाल दिवा लागला, घंटा वाजायला लागली. दोन नंबरच्या, म्हणजे उजव्या इंजिनाचा तेलाचा दाब कमी झाल्याची सूचना.

मी घंटा बंद केली आणि काय दिसतंय ते सांगितलं. ती ‘चेक’ म्हणाली आणि चढत राहिली. दोन्ही इंजिनं सारखी ताकद देत होती. नाक कुठे वळत नव्हतं. मागे बसलेल्या एकाही माणसाला काही कळलं नसणार. त्यांच्या खिडकीत जोंधळ्याची शिवारं आणि बाजूला सरकत गेलेलं सांबरा गाव एवढंच होतं.

खरी अडचण अशा वेळी असते. मेलेल्या इंजिनाबद्दल वाद नसतो. इथे एक इंजिन पूर्ण ताकदीनं चाललेलं आणि सूचना म्हणते की त्यात तेल फिरत नाही. तेलाशिवाय टर्बाइनची बेअरिंगं फार टिकत नाहीत. शिवाय पंख्याच्या पात्यांचा कोनही त्याच तेलाच्या जोरावर फिरतो. बंद करावं तर धडधाकट चालणारं इंजिन आपल्या हातानं घालवायचं. चालू ठेवावं तर ते पुढे जास्त वाईट रीतीनं जाईल. आणि सूचनाच खोटी असली तर? विमानात खोट्या सूचना येतात. एखादा स्विच बिघडतो, एखादी वायर सैल होते.

यावर आमच्या पुस्तकात उत्तर आहे आणि ते मला फार शहाणपणाचं वाटतं. लाल दिवा एका स्विचवरून लागतो; दाब दाखवणारा आकडा वेगळ्या सेन्सरवरून येतो. दोघं एकच सांगत असतील तर इंजिन बंद करा. दिवा लागलाय पण आकडा ठीक आहे, किंवा आकडा पडलाय पण दिवा नाही, तर इंजिन चालू ठेवा आणि नजर ठेवा. आमचा आकडा खाली येत होता. थोडा वेळ तो हिरव्याच्या कडेला रेंगाळला, मग ४० पीएसआयच्या खाली गेला आणि लाल झाला.

तोवर आम्ही सुरक्षित उंचीवर आलो होतो. तिनं वेग वाढवला, मी तिच्या सांगण्यावरून फ्लॅप आत घेतले. इथे बरेच कॅप्टन म्हणतात, आण माझ्याकडे, मी चालवतो. मी तसं म्हटलं नाही. ती चांगली चालवत होती, आणि ज्याच्या हातात विमान असतं त्याला विचार करायला जागा कमी उरते. मला विचार करायचा होता. संकटात सूत्रं ज्येष्ठानं हातात घ्यावीत ही आपल्याकडची समजूत घरात, शेतात, बँकेत ठीक असेल. कॉकपिटमध्ये ज्येष्ठाचा खरा उपयोग रिकाम्या हातांनी होतो.

मग ती वेळ आली. आधी पॉवर लिव्हर मागे, मग कंडिशन लिव्हर फेदरवर, मग इंधन बंद. तीन हालचाली. एकेका इंजिनाच्या दोन लिव्हर, त्या शेजारी शेजारी, हाताच्या चार बोटांत मावतील अशा. मी उजव्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवला, हलवला नाही, आणि विचारलं, नंबर दोन? तिनं समोरची नजर काढून माझ्या हाताकडे बघितलं, मग आकड्यांकडे, मग परत हाताकडे. म्हणाली, नंबर दोन, कन्फर्म. तेव्हा लिव्हर मागे आली. प्रत्येक हालचालीला हेच.

माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात प्रेसवर होते. मोठं दाबयंत्र, एका बाजूला एक कामगार, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधलं काही दिसायचं नाही. बटण दाबणाऱ्यानं ‘कोण हाय का पलीकडं?’ म्हणून ओरडायचं आणि पलीकडून उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही तिथली शिस्त. उत्तर येत नसेल तर चालत जाऊन बघायचं. ज्यांनी ती पाळली नाही त्यांची बोटं गेली. बेळगावात त्या पिढीचे असे कामगार अजून दिसतील. विमानातली ही सगळी प्रश्नोत्तरं मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला ती परकी वाटली नाहीत.

ही शिस्त पाळली नाही तर काय होतं याचा जगातला सगळ्यात कडू दाखला माझ्याच विमानाचा आहे. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैवानमध्ये तैपेईच्या विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर ७२-६०० उडालं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजव्या इंजिनाचा पंखा आपणहून फेदर झाला. इंजिन खरं तर बिघडलेलंच नव्हतं. ऑटोफेदरच्या यंत्रणेत एका डाखाची जोडणी कच्ची होती. डावं इंजिन पूर्ण ताकदीत होतं, विमान चढू शकत होतं. कॅप्टननं डाव्या इंजिनाची लिव्हर मागे घेतली. शेजारच्या वैमानिकानं थांबायला आणि पडताळायला सांगितलं होतं, पण हात पुढे गेलेला होता. नंतर ते चांगलं इंजिन पूर्ण बंदही झालं. चूक कळली तेव्हा उंची उरली नव्हती. विमान एका उड्डाणपुलाला घासून कीलुंग नदीत पडलं. ५८ पैकी ४३ माणसं गेली. उड्डाणापासून नदीपर्यंत तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वैमानिक स्वस्थ बसून नुसतं नाक सरळ धरून राहिले असते, तर बहुधा ती बातमीही झाली नसती.

याच्याही आधीचा दाखला इंग्लंडचा. ८ जानेवारी १९८९ ला ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. थरथर सुरू झाली, धुराचा वास आला. वैमानिकांना वाटलं उजवं गेलं. जुन्या ७३७ मध्ये प्रवाशांच्या केबिनमधली हवा उजव्या इंजिनाकडून यायची, धूर केबिनकडून येतोय म्हणजे उजवं, असा त्यांचा अंदाज. उजव्याची ताकद कमी केली आणि योगायोगानं थरथरही कमी झाली. मग खात्रीच पटली. चांगलं इंजिन बंद झालं. उतरताना डाव्याकडून जास्त ताकद मागितली तेव्हा तेही गेलं आणि केगवर्थ गावाजवळ, धावपट्टीच्या थोडं अलीकडे, मोटारवेच्या बांधावर विमान आदळलं. ४७ मृत्यू.

दोन्हीकडे वैमानिक अनुभवी होते. यंत्रं बोलत होती, आकडे समोर होते. चुकलं ते एकाच ठिकाणी. पहिला अंदाज बरोबर धरून हात चालला, आणि तो अंदाज तपासायला दुसऱ्या डोक्याला अवधी मिळाला नाही. एक इंजिन जाणं हे फारसं घातक नसतं. घाईत गेलेलं दुसरं इंजिन घातक असतं.

दुसऱ्या डोक्याबद्दल थोडं जास्त लिहावं लागेल, कारण आपल्याकडे तिथेच दुखणं आहे. आमच्या निपाणीच्या घरात आजोबा जेवत असताना कुणी त्यांच्या बोलण्यात ‘पण’ म्हणायचं नाही. तंबाखूच्या वखारीत मुनीमजींनी चुकीचं वजन लिहिलं तरी हमाल बोलायचा नाही. आम्ही या वळणात वाढलो, आणि धारवाडकडच्या घरांत यापेक्षा वेगळं असेल असं मला वाटत नाही. १९७७ साली टेनेरिफला दोन जंबो जेट धावपट्टीवर धडकून ५८३ माणसं गेली, तेव्हाही एका विमानातल्या कनिष्ठाला शंका आली होती, त्यानं ती हळूच विचारलीही होती. मानाच्या कॅप्टननं ती उडवून लावली. त्यानंतर जगभर वैमानिकांना ज्येष्ठाला टोकायला शिकवलं जाऊ लागलं. शिकवणं सोपं आहे. पंचविशीतल्या पोरीनं पन्नाशीच्या कॅप्टनला ‘थांबा’ म्हणायचं, हे वर्गात पाठ होतं, अंगात मुरायला वेळ लागतो. म्हणून मी प्रत्येक फेरीआधी चहा पिताना एखादी क्षुल्लक गोष्ट मुद्दाम चुकीची सांगतो. हैदराबादचं तापमान, नाहीतर प्रवाशांची संख्या. समोरचा दुरुस्त करतो की नाही ते बघतो. त्या दिवशी तिनं लगेच दुरुस्त केलं होतं. विमान तिच्याकडेच ठेवायला मला जे धैर्य झालं त्यात या चहाचा वाटा होता.

पुढचं काम ठरलेलं. ‘मेडे’ दिला, टॉवरला परत येतोय म्हणून कळवलं, अग्निशामक गाड्या तयार ठेवायला सांगितलं. उजवं इंजिन बंद, म्हणून वळण डावीकडे, चालत्या इंजिनाच्या बाजूला. लोक विचारतात, पेट्रोल ओतून टाकलं का? पहिली गोष्ट, ते पेट्रोल नसतं, रॉकेलाच्या जातीचं इंधन असतं. दुसरी, एटीआरमध्ये इंधन ओतून टाकायची सोयच नाही, कारण गरज नाही. या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन २३,००० किलो आणि उतरण्याचं २२,३५० किलो. फरक साडेसहाशे किलोंचा. सिनेमात दाखवतात तसं तासभर आकाशात घिरट्या घालणं मोठ्या विमानांना लागतं.

केबिनमधल्या ज्येष्ठ मुलीला मी इंटरकॉमवर चार गोष्टी सांगितल्या: काय झालं, काय करणार, किती वेळात, आणि खास तयारी लागणार नाही. मग प्रवाशांशी बोललो. उजव्या खिडकीत बसलेल्यांना पंखा थांबलेला दिसत होता आणि थांबलेला पंखा बघून माणूस जे समजायचं ते समजतो. इंग्रजीत सांगितलं, हिंदीत सांगितलं. केबिनमधल्या मुलीनं कन्नडमध्ये सांगितलं. मग मी माइक परत घेऊन दोन वाक्यं मराठीत बोललो, की एक इंजिन आम्हीच बंद केलंय, विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडतं, आपण बेळगावलाच परत उतरतोय. दुकानाच्या पाटीच्या भाषेवरून जिथे डोकी फुटतात त्या भागात त्या सकाळी चार भाषांतली घोषणा सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. कुणीही हरकत घेतली नाही.

उतरताना शहर खालून सरकत गेलं. पूर्वेकडे तोंड करून उतरायचं तर विमान बेळगावावरूनच येतं. एका इंजिनावर उतरणं हे चढण्यापेक्षा सोपं. ताकद थोडीच लागते, मात्र ती कमी-जास्त करताना प्रत्येक वेळी पायाचा दाब बदलावा लागतो. ठरवून थोडं आधी सगळं तयार करून ठेवलं, म्हणजे शेवटच्या टप्प्यात घाई नको. एटीआरला त्या पट्टीचा जेमतेम निम्मा भाग लागला. धावपट्टीवरच थांबलो, अग्निशामक दलानं फिरून बघितलं, उजव्या इंजिनाच्या आवरणावर तेलाचा मोठा ओघळ होता. आग नाही, धूर नाही. संध्याकाळी अभियंत्यांनी आवरण उघडल्यावर एका जोडावरचं सील गेलेलं निघालं. हातात मावेल असा तुकडा.

एक गंमत सांगायची राहिली. एटीआरमध्ये जमिनीवर असताना वीज आणि गारवा देणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकनं थांबवून तेच इंजिन त्यासाठी चालवतात. आमचं नेमकं तेच बंद. त्यामुळे विमान टर्मिनलजवळ येईपर्यंत आणि पायऱ्या लागेपर्यंत आत चांगलंच गदमदलं. नंतर प्रवाशांच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेक उकाड्याच्या होत्या, काही हैदराबादच्या हुकलेल्या कामाच्या. इंजिनाबद्दल फार कमी. मला ते आवडलं. आमचं काम बरं झालं होतं याची ती पावती.

आमची श्वासचाचणी झाली, जबाब लिहिले, रेकॉर्डरमधली नोंद काढून घेतली गेली. दुसऱ्या दिवशी मी मोटारीनं निपाणीला गेलो. त्या रस्त्यावर हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ एकस कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. एअरबसच्या विमानांना लागणारे सुटे भाग तिथे घडतात आणि युरोपला जातात. रोज शेकडो एसट्या त्याच्या पुढून जातात, आतल्या कितीजणांना हे ठाऊक असेल कुणास ठाऊक. उद्यमबागेतल्या प्रेस आणि फाउंड्र्यांपासून इथपर्यंत आपला भाग आलाय. घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, “त्या पोरीनं हात बघून सांगितलं न्हवं?” मी हो म्हटलं. “मग झालं की,” म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले. त्यात आम्ही दोघं धाडसी ठरलो होतो. धाडस कुठेच नव्हतं. पाठ केलेली वाक्यं होती आणि ती ठरलेल्या क्रमानं म्हटली गेली.

इंजिन बिघडण्याबद्दलचे हे प्रश्न २०२५ पासून वाढले आहेत. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला. जुलैमधल्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं बंद स्थितीत गेल्याचं नोंदलं आहे. ते कसे गेले, यावर चहाच्या गाड्यावर ठाम मतं आहेत. मला कुणी विचारलं तर मी मत देत नाही. ज्या धंद्यात दोन साक्षी मिळाल्याशिवाय लिव्हर हलवत नाहीत, त्या धंद्यातल्या माणसानं मेलेल्या सहकाऱ्यांबद्दल अर्ध्या अहवालावर बोलू नये. त्याच वर्षी ऑगस्टच्या १६ तारखेला सकाळी सांबऱ्याहून मुंबईला निघालेलं स्टार एअरचं विमान बिघाड लक्षात येताच परत फिरलं आणि ४८ प्रवाशांसह सुखरूप उतरलं. ती बातमी दोन दिवसही टिकली नाही. परत फिरलेलं विमान हे बिघडलेलं विमान म्हणून लक्षात राहतं; नीट चालवलेलं विमान म्हणून राहायला हवं.

आता प्रवाशांना एक विनंती. केगवर्थच्या त्या विमानात कॅप्टननं घोषणा केली की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. डाव्या खिडकीत बसलेल्या कित्येकांनी डाव्या इंजिनातून निघालेल्या ज्वाळा स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. केबिन कर्मचाऱ्यांपैकी तिघांनीही बघितल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. वैमानिकाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं प्रत्येकाला वाटलं. कॉकपिटमधून पंखाखालचं, मागच्या बाजूचं काही दिसत नाही. तुम्हाला दिसतं. खिडकीतून आग, धूर, तेलाचा ओघळ, काहीही वावगं दिसलं किंवा घोषणेत चुकीची बाजू ऐकू आली, तर डोक्यावरचं बटण दाबा आणि केबिनमधल्या माणसाला सांगा. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, बोटानं दाखवा. बावळट ठरायची भीती बाळगू नका.